सिंगापूरचं क्लाउड फॉरेस्ट: काचेखालचा डोंगर वरून खाली कसा पाहावा

सिंगापूर विषुववृत्तापासून दीड अंशाच्याही आत आहे. वर्षभर दुपारचं तापमान ३१ अंशांच्या आसपास, हवा दमट आणि पाऊस कुठल्याही महिन्यात. सखल प्रदेशातलं पर्जन्यवन इथे उघड्यावर वाढतं, त्याला काचेची गरज नाही. मग मरिना बेच्या भरावाच्या जमिनीवर एवढं मोठं काचघर कशासाठी? आतलं जंगल सखल भागातलं नाही म्हणून. समुद्रसपाटीपासून साधारण एक हजार ते तीन हजार मीटर उंचीवर, उष्ण कटिबंधातल्या डोंगरमाथ्यांवर ढग अडकून राहतात आणि झाडं पावसाइतकीच धुक्यावर जगतात. तसं जंगल इथे बंदराच्या काठावर उभं केलंय. युरोपातली काचघरं झाडांना ऊब देतात. हे काचघर झाडांना थंड ठेवतं. आत तापमान २३ ते २५ अंश आणि आर्द्रता ८० ते ९० टक्के असते. कपडे, कॅमेरा आणि वेळेबद्दल पुढे जे सांगितलंय, ते बहुतेक या दोन आकड्यांमुळेच.

'गार्डन्स बाय द बे' या मरिना बेवरच्या मोठ्या बागेचा हा भाग जून २०१२ मध्ये लोकांसाठी खुला झाला. थंड ठेवलेली काचघरं दोन आहेत. फ्लॉवर डोम सुमारे १.२ हेक्टरचा असून आत भूमध्य समुद्राकाठची कोरडी थंड हवा असते. शेजारचं क्लाउड फॉरेस्ट सुमारे ०.८ हेक्टरचं आहे. ते आकाराने लहान पण उंचीला जास्त, आणि मधोमध ३५ मीटर उंचीचा हिरवा डोंगर आहे. वेळ किंवा पैसे एकाच काचघरापुरते असतील तर क्लाउड फॉरेस्ट निवडा. फुलांचे ताटवे इतरत्रही पाहायला मिळतात.

तिकीट: चुका इथेच होतात

सहलकंपनीबरोबर जाणार असाल तर कार्यक्रमपत्रिकेत नुसतं 'गार्डन्स बाय द बे' लिहिलेलं पाहून समाधान मानू नका. बाहेरची बाग आणि सुपरट्री ग्रोव्हचं, म्हणजे झाडाच्या आकाराच्या उंच मनोऱ्यांचं, आवार सगळ्यांना मोफत आहे. तिथे तासभर फिरवून आणलं तरी पत्रिकेतला शब्द खरा ठरतो. पैसे भरण्याआधी दोन प्रश्न विचारून घ्या: क्लाउड फॉरेस्टचं तिकीट धरलंय का, आणि आत किती वेळ देणार? दोन्ही काचघरांना मिळून एक तास असेल तर डोंगर पाहून होणार नाही. एकट्या क्लाउड फॉरेस्टला दीड ते दोन तास लागतात, सोबत ज्येष्ठ मंडळी असतील तर दोन तास धराच.

स्वतः जाणाऱ्यांनी तिकीट बागेच्या अधिकृत संकेतस्थळावरून काढावं. काढण्याआधी तीन गोष्टी बघाव्यात.

पहिली म्हणजे बंद दिवस. काचघर रोज सकाळी ९ ते रात्री ९ उघडं असतं, पण देखभालीसाठी बहुतेक महिन्यांत एक दिवस बंद राहतं. दोन्ही काचघरांचे बंद दिवस सहसा वेगवेगळे असतात. फ्लॉवर डोम सुरू आहे म्हणून क्लाउड फॉरेस्टही सुरू असेल, असं समजू नका.

दुसरी गोष्ट दराची. स्थानिक रहिवासी आणि बाहेरचे पाहुणे यांचे दर वेगळे आहेत. तिथे नोकरीच्या किंवा डिपेंडंट पासवर राहणाऱ्या मराठी कुटुंबाला रहिवाशाचा दर मिळतो, मात्र मूळ ओळखपत्र दाखवावं लागतं. त्यांच्याकडे महिनाभरासाठी आलेल्या आईवडिलांना तो मिळत नाही, कारण ते साध्या व्हिजिट व्हिसावर असतात. घरचं कुणी ऑनलाइन तिकिटं काढताना सगळी एकाच गटात टाकतं आणि दारात फरक भरायची वेळ येते. लहान मुलांचा दर ३ ते १२ वर्षांसाठी आहे, त्याहून लहान मूल मोफत.

तिसरी, विशेष प्रदर्शन. काही महिन्यांसाठी डोंगराभोवती एखाद्या संकल्पनेवरची मांडणी केली जाते. त्या काळात दर वाढतात, गर्दीही वाढते आणि झाडांपुढे पुतळे उभे असतात. मुलांना ते आवडेल. ज्यांना वनस्पतीच पाहायच्या आहेत त्यांनी अशा काळात सकाळी ९ ची वेळ सोडू नये.

किती वाजता आत शिरावं

दोन वेळा चांगल्या. पहिली सकाळी ९ ची. दार उघडताच आत गेलात तर धबधब्यासमोर मोकळी जागा मिळते. दहा-साडेदहानंतर बसमधून गट उतरू लागतात आणि ती पार दुपारपर्यंत मिळत नाही.

दुसरी वेळ संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराची, आणि पहिल्यांदा जाणाऱ्यांना आम्ही हीच सुचवू. सिंगापुरात वर्षभर सूर्य सातच्या आसपास मावळतो. साडेपाचला आत शिरलात तर डोंगर दिवसाच्या उजेडात पाहता येतो, उतरत असताना काच काळोखी होत जाते आणि दिवे लागतात. बाहेर पडून सुपरट्री ग्रोव्हमध्ये पोचेपर्यंत ७.४५ चा प्रकाश-संगीताचा कार्यक्रम गाठता येतो. तो मोफत आहे, साधारण पंधरा मिनिटांचा, आणि ८.४५ ला पुन्हा होतो.

टाळायची वेळ म्हणजे वळिवासारखी सर आल्यानंतरची दुपार. बाहेरच्या बागेतली सगळी माणसं तेव्हा काचघरांकडे धावतात.

मुख्य गोष्ट धुक्याची. आत कृत्रिम धुकं दिवसभर सारखं नसतं. दर दोन तासांनी, सम तासांना म्हणजे १०, १२, २, ४, ६ आणि ८ वाजता काही मिनिटं दाट धुकं सोडलं जातं. या वेळा बदलू शकतात, म्हणून प्रवेशद्वाराशी विचारून खात्री करा. धुकं सुटताना डोंगराच्या वरच्या अर्ध्यात किंवा बाहेर काढलेल्या पुलावर असायला हवं. खालून ते नुसतं पांढरं दिसतं. वरून पाहताना मात्र पायाखालची झाडं एकेक करून दिसेनाशी होतात. साडेपाचला आत गेलात तर सहाच्या आत वर पोचायला अर्धा तास मिळतो. लिफ्टची रांग धरूनही तो पुरतो, पण खाली रेंगाळलात तर नाही.

अंगावर काय, पिशवीत काय

२४ अंश म्हणजे थंडी नव्हे, हे खरं. पण बाहेर चालून घामाने भिजलेला सदरा आणि ८५ टक्के आर्द्रता एकत्र आली की कपडा वाळत नाही, अंगावरच गार पडतो. त्यात धबधब्याजवळ पंख्यासारखा वारा आणि तुषार. जून अखेरीला आंबोलीच्या घाटात थांबल्यासारखं वाटतं. लहान मुलं आणि ज्येष्ठांसाठी एक पातळ जॅकेट किंवा शाल घ्या, शक्य असेल तर कोरडा टी-शर्टही. स्वेटर नको, तो ओला झाला की दिवसभर वागवावा लागतो.

पायात खाचा असलेल्या रबरी तळव्याची पादत्राणं हवीत. धबधब्यासमोरची फरशी कायम ओली असते, तिथे गुळगुळीत चामडी तळवा घसरतो. साडी किंवा पायघोळ कुर्ता असेल तर काठ भिजणार हे धरून चला. पाण्याची बाटली जवळ ठेवा, खाणं बाहेरच उरका. मोठ्या बॅगा हॉटेलवरच राहू द्या, कारण वरचे मार्ग अरुंद आहेत. छत्री आत कामाची नाही, बाहेर हमखास लागते.

कॅमेऱ्याचं आणि चष्म्याचं शास्त्र थोडं उलटं आहे. बाहेरून आत जाताना काच धुरकट होत नाही, कारण ती आतल्या हवेपेक्षा गरम असते. आतून बाहेर येताना थोडी होते. खरा त्रास हॉटेलमधून निघताना होतो. २० अंशांच्या एसी खोलीतून आलेली लेन्स बाहेरच्या दमट हवेत आली की तिच्यावर लगेच बाष्प धरतं. पुसलं तर पुन्हा धरतं, शिवाय डागही पडतात. उपाय एकच: कॅमेरा बंद पिशवीत ठेवून बाहेर पडा आणि अर्ध्या तासानं काढा, तोवर काच बाहेरच्या हवेइतकी गरम झालेली असते. आत मोबाइलच्या लेन्सवर तुषार बसतात, त्यासाठी खिशात सुती रुमाल हवा. मोबाइलला मनगटाचा पट्टा असेल तर उत्तम. पुलाच्या कठड्यावरून फोन निसटला तर खाली माणसं आहेत.

पोचायचं कसं

एमआरटीची, म्हणजे तिथल्या मेट्रोची, दोन स्टेशनं सोयीची. बेफ्रंटला सर्कल आणि डाउनटाउन या दोन मार्गिका येतात. तिथे बी दारानं निघून भुयारी वाटेनं बागेत शिरायचं आणि पूल ओलांडून काचघरांकडे वळायचं, दहा-पंधरा मिनिटं लागतात. थॉमसन-ईस्ट कोस्ट मार्गिकेवर 'गार्डन्स बाय द बे' याच नावाचं स्टेशन २०२२ पासून सुरू आहे, तेही चालण्याच्या अंतरावर आहे. चालणं जड जाणाऱ्यांसाठी बेफ्रंटच्या बाजूने काचघरांपर्यंत शटल गाडी धावते, तिचं थोडं भाडं पडतं. टॅक्सीनं गेलात तर काचघरांच्या दाराशी सोडायला सांगा. नुसतं बागेचं नाव सांगितलं तर भलत्याच टोकाला उतरण्याची शक्यता असते, ही बाग १०१ हेक्टरांची आहे.

एमआरटीत कॉन्टॅक्टलेस व्हिसा किंवा मास्टरकार्ड थेट टेकवून जाता येतं. त्यासाठी भारतीय कार्डावर आंतरराष्ट्रीय आणि कॉन्टॅक्टलेस असे दोन्ही व्यवहार बँकेच्या अ‍ॅपमधून आधी सुरू करावे लागतात. ते घरूनच करून निघा. प्रत्येकाला स्वतंत्र कार्ड लागतं, एका कार्डावर चौघं जात नाहीत. आत शिरताना कार्ड टेकवलं आणि बाहेर पडताना त्याच कार्डाचा फोन टेकवला, तर यंत्र त्याला दोन वेगळे प्रवासी समजतं आणि जास्त भाडं कापतं. परदेशी कार्डावर प्रवासाच्या दिवशी ६० सेंट प्रशासकीय शुल्कही लागतं. ०.९ मीटरपेक्षा कमी उंचीची मुलं मोठ्यांबरोबर मोफत.

आत शिरल्यावर

दारातून पाऊल टाकताच समोर धबधबा कोसळत असतो, आणि तिथेच गर्दी तुंबते. फोटो काढायचाच, पण दारात उभं राहून नको. गोल वाटेनं थोडं पुढे गेलात की डोंगराची कड आणि पाण्याची धार एकत्र दिसतात आणि लेन्सवर पाणीही कमी येतं. पाणी पांढरंफटक येत असेल तर मोबाइलच्या पडद्यावर धारेवर बोट टेकवून उजेड थोडा कमी करा. मागची हिरवी भिंत गडद असल्यामुळे कॅमेरा फसतो.

वर जाण्याआधी स्वच्छतागृह उरकून घ्या. मग डोंगराच्या पोटातल्या लिफ्टनं थेट माथ्यावर. इथे नवखे हमखास दोन चुका करतात. काही जण तळाशी गोल फिरतात, धबधबा पाहतात आणि 'झालं' म्हणून बाहेर पडतात. काही जण मधल्याच मजल्यापासून सुरुवात करून उलट वर चढू लागतात. हा डोंगर वरून खाली उतरत पाहायचा अशीच त्याची रचना आहे. माथ्यावर सर्वांत उंच भागातल्या वनस्पती आहेत आणि उतरताना जंगल बदलत जातं. वाट उताराची, मधे सरकते जिने आणि लिफ्ट. व्हीलचेअर आणि बाबागाडी दोन्ही नेता येतात.

माथ्यावरचा भाग 'लॉस्ट वर्ल्ड'. निम्मे लोक इथे पाच मिनिटंही थांबत नाहीत, आणि वनस्पतींच्या दृष्टीनं सगळ्यांत श्रीमंत जागा हीच. कीटकभक्षी झाडं इथे आहेत: घटपर्णी, व्हीनस फ्लायट्रॅप, दवबिंदू. सतत पाऊस झेलणाऱ्या जागी मातीतली पोषकद्रव्यं, विशेषतः नत्र, वाहून जातं. ही झाडं ती तूट किडे पचवून भरून काढतात. कासच्या पठारावर दवबिंदू आणि सीतेची आसवं पाहिलेल्यांना हे नवं नाही. तिथे खडकावरच्या मातीच्या पातळ थराचं कारण आहे, उपाय मात्र तोच. घटपर्णीचा घट म्हणजे फूल नव्हे, पानाचंच टोक. कडेवर निसरडा भाग आणि आत पाचक द्रव असतो. बोट घालून पाहू नका, आणि फ्लायट्रॅपला डिवचू तर मुळीच नका. रिकामं मिटलेलं पान पुन्हा उघडायला त्याला शक्ती खर्च करावी लागते आणि काही वेळा तसं झालं की ते पान मरतं. मुलांना हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

तिथून 'क्लाउड वॉक'. डोंगरापासून बाहेर काढलेला, हवेत वळसा घेणारा उतरता पूल. धुकं सुटायच्या वेळी इथे असायचं. उंचीची भीती असेल तर डोंगराच्या बाजूनं चाला आणि नजर समोरच्या भिंतीवर ठेवा. ती भिंतच खरी पाहण्यासारखी आहे. नेचे, शेवाळं, आमरी (ऑर्किड), अँथुरियम, ब्रोमेलियाड, सगळे उभ्या भिंतीला चिकटून वाढतात. ढगांच्या जंगलात जमिनीपर्यंत उजेड कमी पोचतो, म्हणून असंख्य झाडं दुसऱ्या झाडाच्या खोडावर बसतात. त्याचं अन्न खात नाहीत, फक्त जागा वापरतात. माती नाही, मग पाणी कुठून? धुक्यातून. आमरीची लोंबती मुळं पांढुरकी दिसतात, तो स्पंजासारखा थर हवेतली ओल टिपून घेतो. सह्याद्रीतल्या आमरी पावसाळ्यात याच पद्धतीनं झाडावर तगतात.

पुढचे टप्पे लवकर होतात. डोंगराच्या पोटातला गुहेसारखा भाग, धबधब्यामागून बाहेर पाहायची जागा, मग 'क्रिस्टल माउंटन', ज्यात चुनखडीच्या गुहांतले लोंबते आणि उभे खडक मांडलेत. मुलांना तिथे ओढून बाहेर काढावं लागतं. त्यानंतर दुसरा, खालच्या पातळीवरचा पूल, 'ट्रीटॉप वॉक'. फोटोसाठी हा क्लाउड वॉकपेक्षा चांगला, कारण इथून वरचा पूल, धबधबा आणि काचेचं कमानदार छत एकाच चौकटीत बसतं. काचघराला आत एकही खांब नाही, हे इथून नीट कळतं.

तळाशी हवामानबदलावरची दालनं आहेत. पृथ्वीचं तापमान पाच अंशांनी वाढलं तर काय होईल, यावर तिथे छोटा चित्रपट दाखवतात. पाय दुखत असतील तर बसायलाही बरं. मग शेवटचा 'सीक्रेट गार्डन': चुनखडीचे खडक, सावलीत वाढणारे बेगोनिया आणि बारीक नेचे. दमलेली माणसं इथून भराभरा पुढे जातात. बेगोनियाच्या पानांवरची निळसर झाक पाहायची असेल तर वाकून, तिरक्या कोनातून पाहा, सरळ पाहिली तर ती नुसती हिरवी दिसतात.

एवढं थंड ठेवतात कसं

कुणीतरी विचारतंच, म्हणून थोडक्यात. काचेवर असा थर आहे की प्रकाश बराचसा आत येतो आणि उष्णता बरीचशी बाहेर राहते. ऊन चढलं की छताबाहेर सावलीचे पडदे आपोआप पसरतात. सगळी इमारत थंड केली जात नाही, फक्त माणसं आणि झाडं असतात तो खालचा थर. फरशीतल्या नळ्यांतून गार पाणी फिरतं आणि गरम हवा वर चढून निघून जाते. शहरातल्या झाडांच्या छाटणीचा कचरा बॉयलरमध्ये जाळून वीज आणि उष्णता मिळवतात आणि त्यावर थंडाव्याची यंत्रणा चालते. सुपरट्रींपैकी काही या यंत्रणेच्या चिमण्या आणि हवाबाऱ्या आहेत. संध्याकाळचा दिव्यांचा कार्यक्रम पाहताना तेवढं लक्षात ठेवा.

बाहेर पडल्यावर

एकदा बाहेर पडलात की त्याच तिकिटावर पुन्हा आत येता येईल असं धरू नका. जॅकेट, मुलं, टोपी मोजूनच दार ओलांडा. सुपरट्रींमधला उंच पूल, ओसीबीसी स्कायवे, वेगळ्या तिकिटाचा आहे आणि विजा चमकत असल्या की बंद ठेवतात. त्याचं तिकीट आगाऊ काढण्यापेक्षा आकाश पाहून काढा.

शाकाहारी जेवण हवं असेल तर बागेत शोधत बसू नका. बेफ्रंटहून डाउनटाउन मार्गिकेनं गाडी न बदलता चौथं स्टेशन लिटल इंडिया. तिथे इडली-डोशापासून थाळीपर्यंत सगळं मिळतं. रात्रीच्या कार्यक्रमानंतर गेलात तर हॉटेलं किती वाजता बंद होतात ते फोनवर आधी बघा.

दुसऱ्या दिवशी सकाळ मोकळी असेल तर याच मार्गिकेवर पुढे बोटॅनिक गार्डन्स स्टेशन आहे. १८५९ साली स्थापन झालेली ही बाग २०१५ पासून जागतिक वारसायादीत आहे, प्रवेश मोफत. तिच्या पोटात सुमारे सहा हेक्टरांचं मूळ पर्जन्यवन राहिलंय, बागेपेक्षाही जुनं. स्टेशनच्या दारापासून तिथवर बरंच चालावं लागतं आणि डास असतात, म्हणून पूर्ण बाह्यांचा सदरा घाला आणि ऊन चढण्याआधी पोचा. बाग पहाटे ५ ला उघडते.